फुआतिनोला कोणी विचारलं नाही

आपिया या आमच्या बेटावरच्या मोठ्या शहरात, तिथल्या कोर्टात अर्ज घ्यायची एक खिडकी आहे. तिच्यामागे मी चौदा वर्षं बसते आहे. खिडकीतून माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसतात, त्यामुळे या बेटावरचे वकील मी हातांवरून ओळखते. कोणाचे कागद वेळेवर येतात, कोण मुदतीच्या शेवटच्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी शिक्क्यासाठी गयावया करतो, कोणाच्या तोंडाला सकाळी दहालाच बियरचा वास असतो, हे मला विचारा. आणि तरीही माझ्या सख्ख्या चुलत बहिणीसाठी एक वकील शोधायला मला अकरा दिवस लागले. त्याची मला अजून लाज वाटते.

फुआतिनो माझ्या धाकट्या काकांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, लग्न जमता जमता राहिलं, आणि चौतीस वर्षांची होईतो ती बापाबरोबरच राहिली. गावापासून बसने अर्ध्या तासावर समुद्रकाठी एक हॉटेल आहे, तिथे ती अकरा वर्षं खोल्या लावायची. तिने घातलेली चादर अशी ताठ असायची, की पाहुण्यांना ती विस्कटायचं जिवावर यावं. घरीसुद्धा चटया तशाच घट्ट गुंडाळून ठेवायची. बोलायची कमी, पण एकदा हसायला लागली की तिला आवरावं लागे. गावातल्या बायकांच्या मंडळाने पाहुण्यांसाठीच्या चटया आणि कपबश्या ठेवायच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे दिली होती. आमच्या गावात ही किल्ली कोणाकडेही देत नाहीत.

मार्च महिन्यात हॉटेलात उतरलेल्या एका न्यूझीलंडच्या म्हातारीचं सोन्याचं घड्याळ गेलं. नवऱ्याची आठवण होती म्हणे. दुसऱ्या दिवशी फुआतिनो कामावर गेली, तर मालकाने तिला फाटकातच थांबवलं. मालक म्हणजे पेनिआमिना, शेजारच्या गावातल्या मोठ्या घराण्याचा प्रमुख, चर्चला पंखे आणि खुर्च्या देणारा माणूस. माळी, स्वयंपाकी, आलेले पाहुणे, सगळ्यांसमोर तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस. पोलिसांकडे जायचं की नाही ते मी ठरवतो." चौकशी नाही, कागद नाही, काही नाही.

ती घरी आली आणि बापासमोर बसली. "बाबा, मला काढलं. घड्याळ मी घेतलं म्हणतात," एवढंच म्हणाली. माझे काका, ताफाओ, आमच्या घराण्याचे प्रमुख आणि एकतीस वर्षं चर्चच्या कारभारात असलेले. ते हातातला ताडाचा पंखा हलवत राहिले. मग उठून आंघोळीला गेले. फुआतिनो तिथेच बसून राहिली, त्यांनी परत येऊन काहीतरी बोलावं म्हणून. ते परत आले, जेवले आणि झोपले.

पहाटे ती उठायच्या आत काका घरातली सगळ्यात जुनी, बारीक विणीची चटई घेऊन बाहेर पडले. ती चटई आमच्या आजीने चार वर्षं खपून विणली होती, आणि काकांच्या अंत्यविधीसाठी ठेवली होती. दोन पुतण्यांना घेऊन ते पेनिआमिनाच्या घरासमोर गेले, अंगणात खाली बसले आणि ती चटई डोक्यावरून ओढून घेतली. याला आमच्यात इफोगा म्हणतात. ज्याच्या घराण्याकडून मोठा गुन्हा घडला, त्याने असं बसायचं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याने वाटलं तर चटई उचलायची, नाही तर तसंच उन्हात ठेवायचं. खुनाखुनीला, जीवघेण्या मारामारीला इफोगा होतो. घड्याळासाठी झालेला माझ्या ऐकण्यात नव्हता. पेनिआमिनाने त्यांना नऊ वाजेपर्यंत बसवलं, मग चटई उचलली, कोको पाजला, पाठीवर हात ठेवला, आणि विषय संपला म्हणून सांगितलं. चटई अर्थात त्याच्याकडे राहिली. कोणीतरी फोनवर फोटो काढला होता. दुपारपर्यंत तो सगळ्या बेटाने पाहिला.

फुआतिनोनेही तो तसाच, बसमध्ये शेजारणीच्या फोनवर पाहिला. ती सरळ माझ्या खिडकीशी आली.

"लेउता अक्का, मला वकील पाहिजे."

"कशाला गं? मिटलं ना आता सगळं?" मी म्हणाले. हे माझंच वाक्य आहे, दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही.

"काय मिटलं?" ती म्हणाली. "मी काही केलंच नाही, तर मिटलं काय?"

मी ऑफिसात नोकरीला, मी कोणाला वकील सुचवायचा नसतो. पण तिचा चेहरा पाहून मी दुपारची सुट्टी टाकली आणि तिला घेऊन निघाले. पहिला वकील मोठ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. त्याने आम्हाला बिस्किटं दिली, काकांची तब्येत विचारली, गावात यंदा टारोच्या कंदांचं पीक कसं आलं ते विचारलं, आणि चाळीस मिनिटांनी म्हणाला, "पेनिआमिना माझ्या बायकोचा भाऊ आहे, हे तुम्हाला माहीत असेलच." आम्हाला माहीत नव्हतं. बिस्किटं मात्र संपली होती.

दुसऱ्याने फाईल उघडायच्या आधीच विचारलं, "इफोगा झाला ना? चटई उचलली ना? मग ताई, आता कोर्टात जाऊन तुम्ही वडिलांना खोटं पाडणार का?" तिसऱ्याने सगळं लिहून घेतलं, तारखा, वेळा, नावं, दोनदा भेटायला बोलावलं. आठवड्याने कळलं, की तो हॉटेलचाच वकील आहे आणि आमचं म्हणणं त्याने फुकटात जमवून घेतलं. मी त्याच्या कागदांवर दर महिन्याला शिक्का मारते आणि मला हे ठाऊक नसावं! त्यानंतर महिनाभर मी त्याचा प्रत्येक अर्ज स्वल्पविरामासाठी परत पाठवला. त्याने फुआतिनोला काही फायदा झाला नाही.

राहिल्या रूताबाई. बाजाराशेजारी जुन्या कपड्यांच्या दुकानावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस आहे. या बेटावर प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं लागतं, तसं रूताबाईंचंही लागतं, पण त्यांचं प्रत्येकाशी भांडणही झालेलं आहे. वेलिंग्टनला वीस वर्षं कामगारांचे खटले लढवून त्या परत आल्या, आणि तेव्हापासून त्यांना कोणी लग्नाला बोलावत नाही. मी त्यांना शेवटी ठेवलं, कारण त्यांची मला भीती वाटायची. काय झालं ते मी फोनवर थोडक्यात सांगून ठेवलं होतं.

फुआतिनोने टारोची टोपली दाराशी ठेवली. बाईंनी मान वर केली नाही.

"बस. रडायचं असेल तर आधी रडून घे, साडेअकराला मला दुसरीकडे जायचंय."

"रडायला नाही आले मी."

"बरं. घड्याळ तू घेतलंस?"

फुआतिनोने टोपलीकडे पाहिलं. खाली रस्त्यावर बसवाल्यांचा आरडाओरडा चालला होता. "नाही," ती शेवटी म्हणाली.

"ठीक आहे. आता फाटकापासून सांग."

पण तिला फाटकापासून सांगता येईना. ती रडायला लागली, आणि तिचं हसणं आवरत नसे तसं तिला ते आवरेना. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग पेन खाली ठेवलं. "आता काय झालं?"

"बाई, मला हे कोणी विचारलंच नव्हतं."

मी खिडकीबाहेर टांगलेल्या फुलाफुलांच्या झग्यांकडे बघत बसले. मीही विचारलं नव्हतं. अकरा दिवस मी तिला घेऊन जिने चढत उतरत होते, तिच्यासाठी पाव घेत होते, वकिलांना शिव्या घालत होते, पण तेवढं मी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं, न विचारणं म्हणजे माया.

रूताबाईंनी काम घेतलं. "तुला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. "नोकरी परत, की भरपाई?"

"कागद पाहिजे," फुआतिनो म्हणाली. "मी चोर नाही असा. सही-शिक्क्याचा. बाबांना दाखवायला."

हॉटेलात किल्ल्यांची एक वही असते. ज्या बाईने ज्या खोलीची किल्ली घेतली, तिने सही करायची. त्या दिवशी फुआतिनो दिवसभर धुण्याच्या खोलीत होती, म्हातारीच्या खोलीची किल्ली तिने घेतलीच नव्हती. बाईंनी वही मागवली. वही आली, त्या दिवसाचं पान नव्हतं. पाणी सांडलं म्हणून फाडलं, असं उत्तर आलं. बरोबरच्या मुली फुआतिनोला चर्चमध्ये मिठी मारायच्या, पण साक्षीला कोणी येईना. त्यांच्या घरी पोरंबाळं होती, मी त्यांना दोष देत नाही.

"म्हणजे त्यांच्याकडे पुरावा नाही आणि आपल्याकडेही नाही," बाई म्हणाल्या. "फक्त तुझ्या बापाचा फोटो आहे. तुझ्या बापाने तुझी लढाई सुरू व्हायच्या आधीच हरून टाकली. आता त्यानेच ती सोडवायची."

एका शनिवारी रूताबाई गावी आल्या. काकांसमोर मांडी घालून बसल्या, आणि ज्या बाईने मंत्र्याला कधी अहोजाहो केलं नसेल, ती काकांशी अगदी अदबीने बोलली. "प्रमुख गुन्हा कबूल करायला बसत नाही, तंटा वाढू नये म्हणून बसतो. खरं ना?"

"खरं आहे," काका म्हणाले.

"कोर्टात तेवढंच सांगायचं. मी मुलीसाठी, शांततेसाठी बसलो. बास."

"सांगेन."

काका स्वतःच्या हातांकडे बघत होते. मला ते दिसलं होतं, आणि मी ते म्हातारपण समजले. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. घराण्याच्या प्रमुखाला त्याच्याच घरात बसून, तुमचा तुमच्या मुलीवर विश्वास आहे का, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. वेलिंग्टनमध्ये राहून आलेली बाईसुद्धा विचारत नाही.

जूनमध्ये सुनावणी झाली. काका पांढरा सदरा घालून आणि काळी लुंगी नेसून आले, चर्चला येतात तसे. बायबलवर हात ठेवून त्यांनी बाईंनी सांगितलं ते सगळं नीट सांगितलं. फुआतिनो पहिल्यांदा पाठ टेकून बसली. मग हॉटेलचा वकील उठला, तोच, फुकटात लिहून घेणारा. तो फार नम्रपणे बोलला.

"आदरणीय ताफाओ, शांततेचं मी समजलो. पण चटई डोक्यावर घेतली, तेव्हा तुमच्या मनात काय होतं? मुलीने घड्याळ घेतलं, असं वाटत होतं?"

काकांनी बायबलकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना एक तर जमत नाही, आणि त्यातून हात अजून त्या पुस्तकावरच होता. मी मागे दाराशी उभी होते. मी मनात म्हणत होते, काका, एवढं एक खोटं बोला, देवाकडे माझ्या नावावर घाला.

"वाटत होतं," काका म्हणाले.

"तिला विचारलं होतं?"

"नाही."

रूताबाई उठल्या. "आणि आज? आज काय वाटतं?"

काकांनी फुआतिनोकडे पाहिलं. तिनेही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "आज मला माहीत नाही," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि सगळा रस्ता समुद्राकडे बघत राहिली. काका पुढच्या बाकावर होते. एरवी ती त्यांची पिशवी धरते. त्या दिवशी पिशवी त्यांनीच मांडीवर घेतली होती.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. हॉटेलने रीतसर चौकशी करायला हवी होती, असं त्यात एक वाक्य होतं, पण जिच्यावर तिच्या घराण्याच्या प्रमुखाचाच विश्वास नव्हता, तिच्यावर मालकाने विश्वास ठेवायला हवा होता असं म्हणता येत नाही, असं पुढचं वाक्य होतं. अर्ज फेटाळला. त्या कागदावर शिक्का मी मारला, कारण शिक्का मारायची नोकरी माझी आहे. तो तिरका उमटला, आणि मी दुसरा मारला नाही.

रूताबाई वरच्या कोर्टात जायला तयार होत्या. फुआतिनो नको म्हणाली. "कोर्टाने नाही म्हटलं, ते मी ऐकून घेतलं, बाई. ते परके आहेत." बाईंनी कधी नव्हे ते तिला दारापर्यंत सोडलं. जिन्यात मला म्हणाल्या, "म्हाताऱ्याला मी आधी विचारायला हवं होतं. चुकले मी." त्यांच्या तोंडून हे कोणी ऐकलं असेल, असं मला वाटत नाही.

मग जे व्हायचं ते होत गेलं. बायकांच्या मंडळाने कपाटाची किल्ली परत मागितली, अगदी गोड बोलून, तुला आता दगदग नको म्हणून. चार हॉटेलांनी नाव ऐकून जागा भरली म्हणून सांगितलं. चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना जागा राहू लागली. शेवटी समुद्रापलीकडच्या पागो पागोला माशांच्या कारखान्यात डबे भरायच्या कामावर तिची सोय झाली. दिवसभर उभं राहून ट्यूना साफ करायचा, अंगाचा वास रविवारीसुद्धा जात नाही म्हणतात. ऑगस्टमधल्या एका सोमवारी संध्याकाळच्या बोटीचं तिकीट निघालं.

आदल्या रविवारी मी गावी गेले. चर्चनंतरचं जेवण होतं, टारो, डुकराचं मांस, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं. काका आधी जेवत होते, फुआतिनो समोर बसून पंख्याने माश्या वारत होती. ती पाणी आणायला मागे गेली आणि माझा तोल सुटला.

"काका, उद्या ती जाईल. अजूनही तुम्ही तिला विचारलं नाहीत."

"जेव, लेउता."

"नाही जेवत. कोर्टात सांगितलंत, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायला किती लांब जायचं होतं? ती तुमच्या घरामागेच झोपते."

काकांनी हातातला टारो खाली ठेवला. गावाच्या सभेत तासतासभर बोलणारा माणूस तो, पण या वेळी पानाकडे बघत बोलला. "विचारलं असतं," ते म्हणाले, "आणि ती हो म्हणाली असती, तर? आईविना वाढवलेली पोर. ते ऐकण्यापेक्षा मला उन्हात बसणं सोपं गेलं."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली, आणि कुठलं आधी आलं ते मला अजून सांगता येणार नाही. फुआतिनो पाणी घेऊन आली. मी पान पुढे ओढलं.

सोमवारी उजाडताना कोंबड्यांच्या आवाजाने मला जाग आली. काकांच्या घरामागे फुआतिनोचं झोपायचं छोटं घर आहे, खांबांवरचं, पानांचे पडदे सोडलेलं. त्याच्यासमोर ओल्या गवतात काका बसले होते, डोक्यावरून चटई घेऊन. चांगली चटई पेनिआमिनाकडे गेली होती. ही त्यांची रोजची झोपायची चटई होती, एका कोपऱ्यात उंदरांनी खाल्लेली. त्या भोकातून त्यांचे पांढरे केस दिसत होते.

शेजारणी जमल्या. बाप लेकीपुढे असा बसलेला आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही. "उठव त्यांना, लेउता," एक म्हणाली, "घराण्याचं नाक जाईल." दुसरी म्हणाली, "कोणाला सांगायचं तरी कसं हे." मी काही केलं नाही. ती चटई उचलायचा हक्क एकाच माणसाला असतो, आणि तो माझा नव्हता.

आतून एक पडदा वर गेला. फुआतिनोने पाहिलं, आणि पडदा पुन्हा खाली सोडला. आत सामान बांधल्याचे आवाज येत राहिले. ऊन फणसाच्या झाडावर आलं, मग गवतावर आलं, मग चटईवर आलं. काकांचे गुडघे दुखतात, त्यांना एवढा वेळ बसवत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. पहिली बस गेली. दुसरीही गेली.

मग ती पिशवी घेऊन बाहेर आली. मला वाटलं, ती बाजूने निघून जाणार. तिने पिशवी गवतात ठेवली आणि काकांसमोर मांडी घालून बसली.

"बाबा, विचारा."

"काय?" चटईखालून आवाज आला.

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

चटई जराशी हलली. मग काका बोलले, आणि तो सभेत बोलणाऱ्या प्रमुखाचा आवाज नव्हता, फाटलेला, साधा आवाज होता.

"फुआतिनो, ते घड्याळ तू घेतलंस का?"

"नाही."

"बरं," काका म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले. "बरं, पोरी."

तिने चटई उचलली. झटकली, आणि हॉटेलातल्या चादरीसारखी घट्ट, कोपऱ्याला कोपरा लावून गुंडाळली. उचलणाऱ्याची होते ती, तशी ती तिची झाली. काकांना तिने हात धरून उठवलं, कारण ते स्वतःहून उठू शकत नव्हते. त्यांनी तिला थांब म्हटलं नाही आणि ती थांबलीही नाही. त्या चटईला पिशवीत जागा नव्हती, म्हणून काखेत धरून ती तिसऱ्या बसने गेली.

तिची फाईल कोर्टात तिसऱ्या कपाटात आहे, वरून चौथी. तिच्यावरचा तिरका शिक्का तसाच आहे. काकांना मी एक नवी चटई नेऊन दिली, पण ते ती अंथरत नाहीत, नुसत्या जमिनीवर झोपतात.